रिमोट डीबग फाइलची चाचणी पास होते, पण फाइल येते कुठून?

डीबगर (प्रोग्राममधल्या चुका शोधायचं साधन) रिमोट मशीनवरची डीबग फाइल (ओळ क्रमांक, टाइप अशी माहिती असलेली फाइल) नीट उचलतो की नाही, हे तपासणारी स्वयंचलित चाचणी तुमच्या मशीनवर रोज पास होते. सीआयवर, म्हणजे चाचण्या आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर, ती मधूनच नापास होते आणि पुन्हा चालवली की हिरवी होते. खऱ्या हार्डवेअर बोर्डाला जोडून बघावं तर ओळ क्रमांक नाहीत, स्ट्रक्चरचे टाइप नाहीत, नुसते पत्ते दिसतात. तिकीट बंद होतं आणि काही आठवड्यांनी दुसऱ्याच कोणाच्या नावावर तेच तिकीट पुन्हा उघडतं.

इथे मी लिनक्सवरचा जीडीबी हा डीबगर आणि रिमोट मशीनवर त्याच्या वतीने काम करणारा जीडीबीसर्व्हर ही जोडी धरून लिहितो आहे. एलएलडीबी या दुसऱ्या डीबगरमध्ये कमांडची नावं बदलतात, दुखणं बदलत नाही. अशा बहुतेक चाचण्या ‘सिंबॉल (प्रोग्राममधली नावं आणि त्यांची माहिती) आले का’ एवढंच विचारतात. ते कुठून आले हे विचारतच नाहीत. खाली जे उपाय आहेत, ते सगळे या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चाचणीकडून वदवून घेण्यासाठी आहेत.

जीडीबी फाइल कुठे कुठे शोधतो

वेगळ्या ठेवलेल्या डीबग फाइलपर्यंत पोहोचायचे दोन रस्ते आहेत, आणि दोन्ही वेगळ्या तऱ्हेने बिघडतात.

पहिला रस्ता बिल्ड-आयडीचा. बायनरीत (कंपाइल झालेल्या प्रोग्राम फाइलमध्ये) लिंकर तिची ओळख पटवणारी एक नोट ठेवतो. एसएचए-१ पद्धतीची असली तर ती २० बाइटची, म्हणजे ४० हेक्स अंकांची असते. पहिले दोन अंक फोल्डरचं नाव होतात, उरलेले ३८ फाइलचं. हे सगळं डीबग-फाइल-डिरेक्टरीखालच्या ‘.बिल्ड-आयडी’ फोल्डरमध्ये असतं. ती डिरेक्टरी बहुतेक ठिकाणी ‘/यूएसआर/लिब/डीबग’ असते.

दुसरा रस्ता डीबगलिंकचा. बायनरीच्या एका छोट्या सेक्शनमध्ये डीबग फाइलचं नाव आणि ४ बाइटचा सीआरसी (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) असतो. जीडीबी आधी बायनरीच्या शेजारी बघतो, मग शेजारच्या ‘.डीबग’ फोल्डरमध्ये, मग डीबग-फाइल-डिरेक्टरीखाली.

आता रिमोटचा भाग. २०१५ मध्ये आलेल्या जीडीबी ७.१० पासून सिसरूट (टार्गेटच्या फाइल कुठे शोधायच्या ते सांगणारी सेटिंग) हिची मूळ किंमत ‘टार्गेट:’ अशी आहे. म्हणजे तुम्ही काहीही सेट केलं नाही तरी जीडीबी बायनरी आणि लायब्रऱ्या जीडीबीसर्व्हरकडून मागून घेतो. पण बिल्ड-आयडीने शोधताना तो आधी स्वतःच्या मशीनवरची डीबग-फाइल-डिरेक्टरी बघतो आणि तिथे नाही मिळालं तरच सिसरूटच्या बाजूला वळतो. चाचणीतली निम्मी फसगत या क्रमातून होते.

एकाच मशीनवरची चाचणी

सीआयवर बहुधा जीडीबी आणि जीडीबीसर्व्हर एकाच मशीनवर लोकलहोस्टने जोडलेले असतात. फाइल सिस्टीम दोघांची एकच. चाचणीने डीबग फाइल ‘रिमोट’ जागी ठेवली तरी तीच जागा जीडीबीलाही दिसते. तो ती थेट उघडतो, सिंबॉल येतात, चाचणी पास. रिमोटवरून फाइल मागवणारा कोड या सगळ्यात एकदाही चाललेला नसतो. तो पूर्ण मोडला तरी ही चाचणी हिरवीच राहील.

जीडीबीच्या चाचणीसंचात ‘नेटिव्ह-जीडीबीसर्व्हर’ नावाचा बोर्ड (इथे हार्डवेअर नव्हे, तर चाचण्या कशा चालवायच्या याची सेटिंग फाइल) आहे. तो प्रोटोकॉलच्या चाचण्यांसाठी उत्तम आहे, पण या कामाला पुरत नाही. ‘रिमोट-जीडीबीसर्व्हर-ऑन-लोकलहोस्ट’ बोर्ड एसएसएचने जातो आणि त्याला वेगळा यूजर देता येतो. त्यामुळे होम डिरेक्टरी वेगळी होते, पण ‘/यूएसआर/लिब/डीबग’ दोघांना सारखीच दिसत राहते.

वेगळं मशीन मिळालं तर उत्तम. नसेल तर जीडीबीसर्व्हरला स्वतःचा माउंट नेमस्पेस द्या, म्हणजे काय कुठे माउंट आहे याचं त्याच्यापुरतं वेगळं चित्र. ‘अनशेअर’ कमांडने यूजर आणि माउंट असे दोन्ही नेमस्पेस नवे घ्या, एका रिकाम्या फोल्डरवर टीएमपीएफएस (मेमरीतली तात्पुरती फाइल सिस्टीम) माउंट करा, त्यात स्ट्रिप केलेली (डीबग माहिती काढून टाकलेली) बायनरी आणि डीबग फाइल कॉपी करा आणि त्याच शेलमधून जीडीबीसर्व्हर सुरू करा. नेटवर्क नेमस्पेस वेगळा केलेला नसल्यामुळे पोर्ट बाहेरून जोडता येतो. बाहेरच्या जीडीबीला मात्र ते फोल्डर रिकामंच दिसतं. डीबग-फाइल-डिरेक्टरीही याच फोल्डरमधल्या एखाद्या उपफोल्डरवर ठेवा, म्हणजे लोकल शोध हमखास रिकामा जाईल.

चाचणीची पहिली पायरी इथेच टाका: जीडीबीच्या बाजूने ती फाइल अस्तित्वात नाही, हे आधी तपासा. असेल तर चाचणी पुढे जाऊच नये. कोणी उद्या मांडणी बदलली, नेमस्पेस काढून टाकला, तर ही एक तपासणी लगेच ओरडेल.

काही वितरणांमध्ये साध्या यूजरला यूजर नेमस्पेस बनवण्यावर बंधनं आहेत. उबुंटू २४.०४ वर अॅपआर्मरमुळे हे अडतं. अशा वेळी चाचणीने ‘अनसपोर्टेड’ म्हणून थांबावं. नेमस्पेस मिळाला नाही म्हणून गुपचूप एकाच फाइल सिस्टीमवर चालवणं सगळ्यात वाईट, कारण मग अहवालात हिरवा रंग दिसतो आणि त्यामागे काहीच नसतं. कंटेनरमध्ये जीडीबीसर्व्हर चालवत असाल तर पत्त्यांचं यादृच्छिकीकरण बंद करता येत नाही अशी तक्रार तो छापू शकतो. ‘नो-डिसेबल-रँडमायझेशन’ हा पर्याय दिला की लॉग स्वच्छ राहतो.

पुरावा म्हणून काय धरायचं

माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि बहुतेक चाचण्या इथेच घाई करतात.

रिमोटवरून फाइल घेताना जीडीबी अशा ओळी छापतो:

‘रीडिंग /काम/नमुना फ्रॉम रिमोट टार्गेट...’
‘रीडिंग सिंबॉल्स फ्रॉम टार्गेट:/काम/नमुना...’
‘रीडिंग /काम/नमुना.डीबग फ्रॉम रिमोट टार्गेट...’
‘रीडिंग /काम/.डीबग/नमुना.डीबग फ्रॉम रिमोट टार्गेट...’

तिसरी ओळ बघून कोणीही म्हणेल की डीबग फाइल रिमोटवरून आली, आणि चाचणीत त्याच ओळीवर रेगेक्स (मजकूर जुळवायचा नमुना) लावेल. पण चौथी ओळ नीट बघा. तिसऱ्या जागी फाइल मिळाली असती तर चौथ्या जागी शोधायची गरजच पडली नसती. जीडीबीच्या अनेक आवृत्त्यांमध्ये ‘फ्रॉम रिमोट टार्गेट’ ही ओळ फाइल उघडायच्या आधी छापली जाते. फाइल तिथे असो वा नसो, ओळ येणारच. तिच्यावर रेगेक्स लावलेली चाचणी रिमोटवर डीबग फाइल अजिबात नसतानाही पास होते.

भरवशाची ओळ वेगळी आहे: ‘रीडिंग सिंबॉल्स फ्रॉम टार्गेट:’ आणि त्यापुढे डीबग फाइलचा पूर्ण मार्ग. इथे ‘टार्गेट:’ हा उपसर्ग आणि शेवटी डीबग फाइलचंच नाव, दोन्ही जुळायला हवं. उपसर्ग नसेल तर फाइल लोकल आहे. नाव मूळ बायनरीचं असेल तर ती ओळ डीबग फाइलबद्दल बोलतच नाही.

याहून पक्का पुरावा हवा असेल तर जीडीबी आणि जीडीबीसर्व्हर एकमेकांना पाठवतात ती पॅकेट बघा. ‘सेट डीबग रिमोट १’ केलं की ‘व्हीफाइल:ओपन’ ही विनंती आणि तिचं उत्तर लॉगमध्ये दिसतं. ‘एफ-१,२’ हे उत्तर म्हणजे फाइल सापडली नाही. एफनंतर शून्य किंवा त्याहून मोठा आकडा म्हणजे फाइल उघडली, आणि त्यामागोमाग ‘व्हीफाइल:पीरीड’ यायला हवेत. पॅकेटमध्ये फाइलचा मार्ग हेक्समध्ये असतो, त्यामुळे लॉगमध्ये नावाने शोधलं तर हाती काही लागत नाही. तिरक्या रेघेचा २एफ होतो आणि ‘.डीबग’ या शेपटाचं २ई ६४ ६५ ६२ ७५ ६७, मध्ये जागा न सोडता. चाचणीत मार्ग हेक्समध्ये बदलणारी चार ओळींची प्रोसीजर लिहून ठेवा. ती पुढे फार उपयोगी पडते.

शोध कुठे अडला हे समजून घ्यायला ‘सेट डीबग सेपरेट-डीबग-फाइल ऑन’ आहे. तो प्रत्येक बघितलेली जागा सांगतो. पण त्याचा मजकूर आवृत्तीगणिक बदलतो, म्हणून निदानासाठी वापरा, पास-नापास त्यावर ठरवू नका.

सिंबॉल आले, हे तरी नीट तपासलंय का?

‘ब्रेक मेन’ चाललं म्हणजे डीबग माहिती आली असं होत नाही. स्ट्रिप करताना फक्त डीबग सेक्शन काढले असतील तर सिंबॉल टेबल बायनरीतच राहतं आणि ब्रेकपॉइंट पत्त्यावर बसतो. फरक एवढाच की उत्तरात फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक नसतो. चाचणीच्या प्रोग्राममध्ये एक वेगळ्या नावाचं स्ट्रक्चर ठेवा आणि ‘पीटाइप’ने त्याचे घटक विचारा. डीबग माहिती नसेल तर असा टाइपच नाही असं सरळ उत्तर मिळतं. सोर्स फाइल उपलब्ध असण्यावर हे अवलंबून नाही, म्हणून ‘लिस्ट’पेक्षा बरं. लायब्ररीची चाचणी असेल तर ‘इन्फो शेअर्डलायब्ररी’ बघा. ज्या लायब्ररीची डीबग माहिती नाही तिच्यापुढे तारांकन येतं.

आणि उलटी चाचणी हवीच. त्याच मांडणीत रिमोटवरची डीबग फाइल काढून टाका आणि पुन्हा जोडा. आता ‘पीटाइप’ अपयशी व्हायला हवं. झालं नाही तर माहिती दुसऱ्याच वाटेने येते आहे आणि तुमचे आधीचे सगळे पास निरर्थक आहेत. ही उलटी चाचणी कधीतरी हाताने चालवायची गोष्ट समजू नका, ती प्रत्येक रनचा भाग असू द्या.

दुसऱ्या वाटा कोणत्या?

पहिली डीबगइन्फोडी, म्हणजे नेटवर्कवरून डीबग माहिती पुरवणारी सेवा. ती एल्फयुटिल्स या साधनसंचाच्या ०.१७८ आवृत्तीत आली आणि जीडीबी १० पासून जीडीबी तिला ओळखतो. काही वितरणं लॉगिन करतानाच ‘डीबगइन्फोडी_यूआरएलएस’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल भरून ठेवतात. सगळीकडे शोधून फाइल मिळाली नाही की जीडीबी तिथे जातो. तुमच्या नमुना बायनरीसाठी तिथे काही नसेल, पण चाचणी सिस्टीमच्या लायब्रऱ्यांवर असेल तर तिथून खुशाल डीबग माहिती येईल. व्हेरिएबल काढून टाका आणि ‘सेट डीबगइन्फोडी एनेबल्ड ऑफ’ही द्या.

डीबगइन्फोडीचीच चाचणी करत असाल तर तिच्या कॅशकडे लक्ष ठेवा. फाइल नाही हे उत्तरसुद्धा क्लायंट लक्षात ठेवतो, आणि त्याची मूळ मुदत ६०० सेकंद आहे. आधी उलटी चाचणी, मग फाइल टाकून सुलटी, असा क्रम असेल तर दुसरी नापास होणार, आणि दहा मिनिटांनी कोणी हाताने चालवून बघितली की पास होणार. ‘पुन्हा चालवलं की हिरवं’ असल्या तक्रारींमागे हे कारण बरेचदा निघतं. प्रत्येक चाचणीला ‘डीबगइन्फोडी_कॅश_पाथ’मधून स्वतंत्र तात्पुरतं फोल्डर द्या.

दुसरी वाट स्थानिक इनिट फाइलची, म्हणजे जीडीबी सुरू होताना आपोआप वाचतो त्या सेटिंगच्या फाइलची. तिच्यात कोणी सिसरूट किंवा डीबग-फाइल-डिरेक्टरी बदललेली असते. जीडीबी ‘एनएक्स’ पर्यायाने सुरू करा. सोबत रुंदी आणि उंची शून्य करा, स्टायलिंग बंद ठेवा, लोकॅल ‘सी’ ठेवा. लांब मार्ग मध्येच तुटला किंवा फाइलच्या नावाभोवती रंगाचे कोड आले की रेगेक्स जुळत नाही, आणि हे टर्मिनलनुसार बदलत असल्यामुळे दोन मशीनवर दोन निकाल लागतात.

तिसरी जरा आडवाटेची. जीडीबी उघडलेल्या फाइल आपसांत वाटून वापरतो. तीच फाइल आहे का हे तो नाव, आकार, बदलाची वेळ, आयनोड अशा खुणांवरून ठरवतो. रिमोट फाइलसाठी या खुणा ‘व्हीफाइल:एफस्टॅट’मधून येतात आणि त्यात वेळ फक्त सेकंदांपर्यंत असते. एकाच सत्रात त्याच आकाराची फाइल त्याच सेकंदात जागच्या जागी बदलली तर जुनीच फाइल वापरात राहू शकते. दर चाचणीला जीडीबी नव्याने सुरू करा. ते शक्य नसेल तर ‘मेंटेनन्स सेट बीएफडी-शेअरिंग ऑफ’ आहे.

मधूनच येणारे टाइमआउट

यामागचं गणित समजलं की हे फारसं गूढ राहत नाही. फाइल छोट्या पॅकेटमधून येते. एका वेळी साधारण १६ किलोबाइट आले असं धरलं तर ६४ मेगाबाइटच्या फाइलला ४०९६ फेऱ्या लागतात. एका फेरीला २० मिलिसेकंद लागले तर सगळं मिळून ८० सेकंदांच्या वर जातं. डेजाग्नू या चाचण्या चालवणाऱ्या साधनाचा मूळ टाइमआउट १० सेकंदांचा आहे.

खरं तर जीडीबी दर वेळी पूर्ण फाइल वाचत नाही, लागतील तेवढे सेक्शन घेतो. पण डीबगलिंकच्या रस्त्याने सीआरसी जुळवायचा तर अख्खी फाइल वाचावीच लागते. बिल्ड-आयडीला फक्त नोट वाचून भागतं. त्यामुळे तीच फाइल बिल्ड-आयडीने झटकन लागते आणि डीबगलिंकने अडकते. दोन्ही रस्त्यांच्या चाचण्या वेगळ्या ठेवा, त्यांतली फाइल काही किलोबाइटचीच ठेवा, आणि मोठ्या फाइलची चाचणी हवीच असेल तर तिचा टाइमआउट तिच्यापुरता वाढवा. सरसकट वाढवलात तर खरी अडकलेली चाचणीही तेवढा वेळ खात बसते.

पोर्ट ठरावीक आकड्याचा देऊ नका. जीडीबीसर्व्हरला शून्य पोर्ट द्या, तो मोकळा पोर्ट घेऊन कुठला घेतला ते छापतो, तो आकडा वाचून जोडा. समांतर चालणाऱ्या चाचण्यांची भांडणं तिथेच मिटतात.

जुळत नाही अशी तक्रार

‘सीआरसी मिसमॅच’ आलं तर आधी बिल्डच्या पायऱ्यांचा क्रम बघा. डीबग भाग वेगळा काढा, बायनरी स्ट्रिप करा, शेवटी डीबगलिंक जोडा. डीबगलिंक जोडल्यावर डीबग फाइल कॉम्प्रेस केली किंवा तिच्यावर आणखी काही चालवलं की सीआरसी बदलला. बिल्ड-आयडी मात्र तोच राहतो, म्हणून हा बिघाड त्या रस्त्याने कळतच नाही. क्रम बरोबर असेल तर कॉपी अर्धवट असताना जोडणी झाली का ते बघा. तात्पुरत्या नावाने कॉपी करून शेवटी नाव बदललं की हा प्रश्न सुटतो.

चुकीची फाइल नाकारली जाते का, याचीही चाचणी ठेवा. लिंकरच्या बिल्ड-आयडी पर्यायाला ०एक्सने सुरू होणारा आकडा स्वतः देता येतो. दोन बायनरींना दोन ठरावीक आयडी द्या, एकीची डीबग फाइल दुसरीच्या जागी ठेवा. आयडी वेगळा म्हणून फाइल सोडून दिली, असा इशारा जीडीबीने द्यायला हवा आणि ‘पीटाइप’ अपयशी व्हायला हवं. आयडी ठरावीक असल्यामुळे कंपायलर बदलला तरी अपेक्षित मार्ग बदलत नाही.

रिमोटला फाइल देताच येत नसेल तर

छोट्या स्टबना (जीडीबीसर्व्हरच्या जागी टार्गेटवर चालणाऱ्या छोट्या कोडला) ‘व्हीफाइल’ पॅकेट माहीत नसतात. बेअर-मेटल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम नसलेल्या, बोर्डावर तर फाइल सिस्टीमच नसते. तिथे ही चाचणी ‘अनसपोर्टेड’ व्हावी, ‘फेल’ नव्हे. त्याच वेळी जीडीबी अशा स्टबशी जोडल्यावर सभ्यपणे पुढे जातो का, हे तपासण्यासारखं आहे. ‘सेट रिमोट होस्टआयओ-ओपन-पॅकेट ऑफ’ केलं की साध्या जीडीबीसर्व्हरवरच ती परिस्थिती उभी करता येते. आणखी एक: सिसरूट आणि डीबग-फाइल-डिरेक्टरी यांच्या सेटिंग ‘टार्गेट रिमोट’च्या आधी द्या. शोध जोडणी होतानाच होतो. नंतर दिलेली डिरेक्टरी आधीच लोड झालेल्या बायनरीसाठी पुन्हा तपासली जाईल असं धरू नका.

चाचणी नापास झाली की सीआयने काय जपून ठेवावं हेही ठरवून टाका. जीडीबीचा पूर्ण लॉग, जीडीबीसर्व्हरचं स्वतःचं आउटपुट, बायनरी आणि डीबग फाइल या दोन्हींवर ‘रीडएल्फ’ने काढलेल्या नोट, आणि दोन्ही बाजूंनी त्या फोल्डरची यादी, एक जीडीबीच्या नेमस्पेसमधून आणि एक जीडीबीसर्व्हरच्या. तिकिटाला एवढं जोडलेलं असलं की पुढच्या माणसाला चाचणी पुन्हा चालवून बघावी लागत नाही. फाइल कोणत्या बाजूला होती आणि कोणत्या नावाने मागितली गेली, हे त्याला वाचूनच कळतं.